शालूबाईंचं माप

त्या चौकोनात काय लिहिलेलं असतं ते आफशीननं आजवर एकदाही वाचलेलं नव्हतं, आणि आज ते वाचलं कुणी, तर स्वप्नालीनं. जिनं पहिल्या दिवशी माउस उलटा धरला होता आणि बाण खाली का पळतोय म्हणून सरांना हाक मारली होती, जी स्क्रीनवरचं एकेक अक्षर बोट लावून, ओठ हलवत वाचायची, त्या स्वप्नालीनं. बुधवार होता. अकरावीची परीक्षा संपलेली, बाहेर एप्रिलचं ऊन, आणि कॉलेजच्या कंप्युटर लॅबमध्ये 'नोकरीची पूर्वतयारी' नावाच्या तीन आठवड्यांच्या कोर्सची शेवटची चाचणी चाललेली. सम्राट सरांनी चाळीस नावांची आणि मार्कांची यादी मोठ्या पडद्यावर लावली होती. एकेकानं पुढं यायचं आणि नावं अक्षरांप्रमाणे लावून दाखवायची. स्वप्नालीनं नावांचा रकाना निवडला, 'सॉर्ट' दाबलं, आणि मध्ये तो चौकोन उघडला. तिनं बोट लावलं. "एक्सपांड... द... सिलेक्शन. सर, बाकीचं रकानं पण संगट घेऊ काय, असं इचारतंय त्ये." "करेक्ट. आणि नाही घेतले तर?" "तर नावं तेवढी हलणार आणि मार्कं हाय तिथंच बसणार. माझं मार्क दुसरीला जाणार." मागनं ऋतुराज म्हणाला, "मग तुझं बरंच होईल की." सगळी लॅब हसली, स्वप्नालीही हसली. आफशीन हसली नाही. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली फरशीच लागावी, तसं तिच्या टाळूपर्यंत काहीतरी आदळलं.

या कोर्सबद्दल तिचं मत पहिल्याच दिवशी तयार झालं होतं, तेही सरांच्या ब्लेझरवरून. अम्मी ब्लाउज शिवायची, त्यामुळे आफशीनला माणसाचं तोंड नंतर दिसायचं आणि खांद्याची शिवण आधी. सरांच्या ब्लेझरचा खांदा सरांच्या खांद्याच्या दोन बोटं पुढं जाऊन खाली वाकलेला होता. म्हणजे तो भावाचा तरी होता नाहीतर सेलमधला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, स्कूटरच्या हुकाला अडकवून ते तो आणायचे, लॅबच्या दारात अंगावर चढवायचे आणि घाम पुसत म्हणायचे, "फर्स्ट इम्प्रेशन." असल्या माणसाकडून काय शिकायचं? त्यांनी एकसष्ट मुलामुलींना हात मिळवायला शिकवलं होतं. साठ जणांनी एकमेकांचे ओलसर हात धरून, डोळ्यांत डोळे घालून 'नाइस टू मीट यू' म्हटलं होतं, आणि जे एका गल्लीत राहतात, एका नळावर भांडतात, तेही एकमेकांना नव्यानं भेटले होते. कोल्हापूरकडच्या पोरी 'मी येतो, मी जातो' म्हणतात. ते इंटरव्ह्यूत चालणार नाही, 'मी येते' म्हणायचं, असंही सर म्हणाले, आणि आजऱ्याहून मावशीकडं शिकायला आलेली स्वप्नाली दोन दिवस काहीच बोलली नाही, कारण बोलायचं तर आधी स्वतःला बाई करून घ्यायला लागायचं आणि तोवर प्रश्न पुढं गेलेला असायचा. सगळ्यात कहर म्हणजे तो कमजोरीचा प्रश्न. "तुमची कमजोरी काय, असं विचारलं तर खरी कमजोरी सांगायची नाही. म्हणायचं, मी परफेक्शनिस्ट आहे." साठ पेनं एकदम चालली. एकसष्टावं चाललं नाही, ते आफशीनचं होतं. ती वहीच्या कडेला सरांचा खांदा काढत होती. साठ माणसं जाऊन एकाच साहेबापुढं एकच कमजोरी सांगणार, आणि तो साहेब पण कधीतरी हेच पाठ करून तिथं बसलेला असणार. एक्सेलच्या शिट्स तर तिला येतच होत्या. युट्यूबवर तिनं सुट्टी लागायच्या आधीच सगळं बघितलं होतं, आणि सर चौथ्या दिवशी 'सॉर्ट' शिकवताना पंगतीचं उदाहरण देत होते, नाव उठलं की ताटही उठलं पाहिजे, असलं काहीतरी, तेव्हा तिनं ब्लेझरच्या खिशाला ठिगळ काढायला घेतलं होतं. पंगत म्हणे. शिट शिकवायला यांना पंगत लागते.

आता ती पंगत तिच्या डोळ्यांपुढं बसली होती. एकशे सदतीस बायका, आणि प्रत्येकीपुढं दुसरीचं ताट.

अम्मीची मापाची वही ही आफशीनच्या लेखी घरातली सगळ्यात लाजिरवाणी वस्तू होती. निम्म्या पानांना तेलाचे डाग, बाहेर रबर, आत टाचण्याच टाचण्या. अम्मी, म्हणजे शाहिस्ता, जवाहरनगरात पुढच्या खोलीत मशीन टाकून सोळा वर्षं बसलेली, बाईचं नाव लिहायची ते शेवटी. आधी तिच्या कापडाची चिंधी पानाला टोचायची. मग आकडे, एकाखाली एक, छाती, कंबर, खांदा, मुंढा, दंड, गळा, कुठं काय ते न लिहिता, कारण क्रम तिला ठाऊक. मग कुठंतरी कोपऱ्यात 'डावा खांदा उतरता', 'पाठ भरून', 'बाळंतपणानंतर', 'हिला गळा खोल नको, सासू'. दुसऱ्या शिंपिणी मापाचा जुना ब्लाउज मागून घ्यायच्या. अम्मी घ्यायची नाही. म्हणायची, जुना ब्लाउज दोन वर्षांपूर्वीची बाई सांगतो. टेप स्वतः लावायची. आणि वही अक्षरांप्रमाणे नाही, तारखेप्रमाणेही नाही, कोण कुणाबरोबर आली त्याप्रमाणे. पूर्णिमा हवी असेल तर तिची सासू शालूबाई शोधायची, शालूबाई हवी असेल तर तिला पहिल्यांदा घेऊन आलेली दूधवाली शोधायची, आणि दूधवाली कुठं असते ते फक्त अम्मीला माहीत. गिऱ्हाईक दारात उभं आणि ही आपली चिंध्या चाळत बसलेली. आफशीनला ते बघवायचं नाही. कोर्सच्या पहिल्या आठवड्यात, सर हात मिळवायला शिकवत असताना, तिनं तीन दुपारी लॅबमध्ये बसून सगळी वही शिटमध्ये चढवली. नाव, छाती, कंबर, खांदा, मुंढा, दंड, गळा. चिंध्या आणि सासू तिनं सोडून दिल्या, त्यांना रकाना नव्हता. शेवटी नावं नीट लावायची राहिली. नावांचा रकाना निवडला, 'सॉर्ट' म्हटलं, मध्ये चौकोन आला. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिलीत काहीतरी वाढवायचं होतं, दुसरीच्या सुरुवातीला 'कंटिन्यू' होतं. तिला काहीच वाढवायचं नव्हतं. तिला फक्त नावं लावायची होती. आणि कंटिन्यू म्हणजे पुढं चला. आफशीनला पुढं चला म्हणणारं बटण नेहमीच आवडायचं.

चार पानं छापून निघाली. काय सुबक दिसत होती. अम्मीनं त्यांना प्लॅस्टिकचं कव्हर घालून आणलं, मशीनच्या वर खिळा मारून टांगलं, आणि आठवडाभर येईल त्या बाईला मान वर करून दाखवलं, "माझ्या पोरीनं कंप्युटरवर केलंय. नाव काढलं की माप." बायका वर बघायच्या, स्वतःचं नाव सापडलं की हसायच्या. आकडे कुणी वाचत नसे. स्वतःच्या कमरेचा आकडा चारचौघींत मोठ्यानं वाचणारी बाई अजून जन्मायची होती. वहीचं काय करायचं ते आफशीननंच ठरवलं. मशीनचा पुढचा डावा पाय फरशीला टेकायचा नाही, त्याच्याखाली तिनं ती सरकवली. बरोबर बसली. सोळा वर्षांत पहिल्यांदा मशीन डगमगेनासं झालं, आणि हेही आपल्याचमुळं, असं तिनं मनात लिहून ठेवलं.

"नेक्स्ट, आफशीन," सर म्हणाले. ती उठली. पडद्यापुढं उभी राहिली तेव्हा माउस घामेजलेला होता, आधीच्या सगळ्यांच्या घामानं. रकाना. सॉर्ट. चौकोन. दोन वाक्यं साधी, सरळ, कुणी पत्र लिहावं तशी तिच्याकडं बघत होती. गेले तीन आठवडे ती तशीच बघत असणार. तिनं पहिलं निवडलं. नावं उठली, ताटं उठली, सगळी पंगत जागच्या जागी बसली. "बघा," सर म्हणाले, "हिला सांगावं लागत नाही." आणि ते मनापासून हसले, आणि हसताना त्यांचा खांदा अजून दोन बोटं खाली आला. ती जागेवर येऊन बसली तेव्हा स्वप्नाली कानाशी वाकून म्हणाली, "मी पाठ केलतो गं. रात्री मावशीच्या पोराला ताटं मांडून दाखिवलं, तवा कळलं मला." आफशीननं तिच्याकडं बघितलं नाही. तिला मान होकारार्थी हलवायची होती, पण मान ही आजवर फक्त एकाच दिशेला हलवायची सवय असलेली गोष्ट होती.

कॉलेजातून सुटल्यावर ती के.एम.टी.च्या बसमध्ये चढली आणि खिडकीला डोकं लावून उभी राहिली, आणि आता बसभर नुसते ब्लाउज होते. मुंढ्यात, काखेपाशी, कापड गोळा झालेला हिरवा. पाठीवर आडव्या सुरकुत्या पडलेला जांभळा. कडीला धरलेला एक हात आणि त्याच्या दंडाला रुतलेली काठाची पट्टी. यातला एखादा आपल्याच घरातून गेलेला असेल तर? एरवी ती या बायकांना मनातल्या मनात मार्क द्यायची, आणि कुणालाच पस्तीसच्या वर द्यायची नाही. आज प्रत्येक चुकीची शिवण तिच्याकडं वळून बघत होती. दंड. शालूबाईंचा दंड पंधरा इंच. शालूबाई गंगावेशीत दुधाचा रतीब घालणाऱ्या घरातली बाई, अंगणात चार म्हशी, चाळीस वर्षं धारा काढून हात नांगराच्या दांड्यासारखे झालेले. त्यांच्या नातीचं, वर्षाराणीचं, रविवारी लग्न. घरातल्या अकरा बायकांचे ब्लाउज अम्मीकडं आलेले, मापं आधीच घेतलेली. तो दिवस आफशीनला आठवत होता, नको तेवढा आठवत होता. अम्मी खडू हातात धरून यादीखाली उभी. "आफशीन, अगं शालूबाई बत्तीस? आणि दंड साडेनऊ? ती बेचाळिसाच्या खाली कवा आलती?" आफशीन मोबाइलवरनं डोळे न उचलता म्हणाली होती, "अम्मी, कंप्युटर चुकत नाही. तू चुकीचं लिहिलं असणार वहीत. तू चुकतेस." अम्मीनं पुन्हा यादीकडं बघितलं होतं. मग आपल्या हाताकडं. मग खडू टेकवला आणि बत्तीसचं कापड आखलं.

सोमवारी शालूबाई बघायला आल्या. बाही कोपराच्या वर सरकेना. "शाहिस्ता, हे काय माझ्या पणतीचं शिवलंस काय गं?" त्या हसतच म्हणाल्या, पण बरोबर आलेली पूर्णिमा हसली नाही, कारण तिचा खांद्यावरनं गळून दंडावर आला होता. अम्मीनं टेप लावला. बेचाळीस. पंधरा. वर यादीत बत्तीस, साडेनऊ. ती किती वेळ दोन्हींकडं आलटून पालटून बघत होती. आफशीन दारातच होती आणि तिला लाज वाटत होती, आईची. बाई गेल्यावर अम्मी म्हणाली, "मीच वहीत उलटंपालटं लिवलं असणार. एक न्हाय, दोघींचं. टेप वाचताना डोळं दगा द्याय लागलेत, हात गेला माझा." आणि आफशीनला वाटलं होतं, हो, एक्केचाळीस म्हणजे काय कमी वय नाही. आता बसच्या खिडकीत ते वाटणं तिला पुन्हा वाटलं, तोंडात, गंजलेल्या टाचणीसारखं.

आणि उद्या सकाळी दहाला अम्मीचा इंटरव्ह्यू होता. तो विषय काल संध्याकाळी निघाला. तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात घड्या घालायला आणि टॅग लावायला बायका पाहिजे होत्या, अम्मीनं कुणाकडनं तरी नंबर मिळवला होता. लग्नाचं कसंतरी निभावून ब्लाउजचं काम बंद करायचं, मशीन मामूला द्यायचं, असं तिनं अब्बांना सांगूनही टाकलं होतं. "तुला कॉलेजात शिकिवतात न्हवं? मला सांग की काय बोलायचं असतंय." आफशीननं कॉटवर पाय सोडून, सरांचा आवाज काढून इंटरव्ह्यू घेतला होता. अम्मीनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि स्टुलावर ताठ बसली. हात मिळवताना तिचा हात आफशीनच्या हातात आला, अंगठीच्या बोटाला सुईनं पडलेली जाडी लागली, आणि आफशीननं 'ढिला' म्हणून शेरा दिला. "टेल मी अबाउट युवरसेल्फ." "शाहिस्ता दस्तगीर. मी..." "अम्मी, इंग्रजीत." मग शेवटी गंमत म्हणून तिनं तो प्रश्न विचारला, कमजोरीचा, आणि साठ जणांचं उत्तर ऐकायला हसू तोंडात धरून बसली. अम्मीनं विचार केला. खरंच केला, छताकडं बघून. आणि म्हणाली, "माझा हात आता बरोबर चालत न्हाय. पण घड्या घालीन." "असं सांगायचं नसतं गं," आफशीन ओरडली होती, "कोण घेईल तुला?" "इचारलंय तर खरं सांगाय नको?" अम्मी म्हणाली होती. हे असलं मागासलेलं उत्तर. आणि आता बस दसरा चौकात सिग्नलला अडकली आणि आफशीनच्या लक्षात आलं की अम्मी उद्या दहा वाजता परक्या माणसापुढं हेच सांगणार, मान खाली घालून, पूर्ण खात्रीनं, आणि ते खोटं असणार. आईच्या तोंडात खोटं घातलं तेही आपण. सरांनी नाही, कंप्युटरनं नाही. कंप्युटरनं तर विचारलं होतं. दोन ओळींत, नम्रपणे, पावण्याला विचारावं तसं विचारलं होतं.

न सांगताही चालणार होतं. हे तिला बसमधून उतरल्यापासून घराच्या कोपऱ्यापर्यंत सुचत राहिलं, आणि ज्या सफाईनं सुचलं त्याची तिला किळस आली. उद्या लॅबमध्ये जाऊन यादी गुपचूप नीट करायची, 'अम्मी, परत एकदा तपासली' म्हणायचं. यादी सुधारेल. आफशीन हुशारच राहील. अम्मी घड्या घालेल. साठ जणांनी लिहून घेतलं तसं छान उत्तर होतं ते, कमजोरी झाकून केलेलं.

अम्मी पुढच्या खोलीत होती. मोरपंखी ड्रेस इस्त्री करून दाराला टांगलेला, आणि ती काजं करता करता पुटपुटत होती, "माय नेम इज शाहिस्ता. आय अॅम फ्रॉम कोल्हापूर." दारात आफशीन दिसल्यावर लाजून थांबली. "हसू नको. भाकरी हाय झाकून."

आफशीननं सँडल काढले नाहीत. ती मशीनपाशी वाकली आणि पायाखालची वही ओढली. मशीन कचकन डाव्या अंगाला बसलं आणि बॉबिन गडगडत कॉटखाली गेली.

"काय करतीस?"

"शालूबाई कुठल्या पानावर आहेत?"

"आं?"

"अम्मी, कुठल्या पानावर?"

अम्मीनं वही घेतली. रबर काढलं. चिंध्या चाळल्या, दूधवालीची निळी, तिच्यामागं मोरचुदी रंगाची काठाची. बोट ठेवलं. आफशीननं मोठ्यानं वाचलं, स्वप्नालीसारखं, बोट लावून. "छाती बेचाळीस. कंबर छत्तीस. दंड पंधरा. तू बरोबर लिहिलंस. पूर्णिमाचं पण बरोबर आहे. सगळ्यांचं बरोबर आहे. मी नावं लावताना फक्त नावं हलवली, मापं तिथंच राहिली. मला विचारलं होतं, मी वाचलं नाही." तिनं बोट पानावरनं उचललं. "तू नाही चुकलीस. मी चुकले."

अम्मी वर टांगलेल्या चार पानांकडं बघत राहिली. मग आपला उजवा हात उचलून तिनं उलटा केला, सुलटा केला, बाजारात भाजी बघावी तसा.

"म्हंजे माझा हात हाय तसाच हाय."

"आहे."

"डोळं पण."

"हो."

आता ती ओरडेल, असं आफशीनला वाटलं. तिनं ओरडावं, अशी तिची तयारी होती, उत्तरंही तयार होती. पण अम्मी हसायलाच लागली, तोंडाला ओढणी लावून, खांदे हलवत, "बत्तीस! या बाईला बत्तीस आखलं मी, आणि कापलं पण, या अल्ला," आणि हसता हसता डोळे पुसले. आफशीनला ते रागावण्यापेक्षा वाईट वाटलं. तीन दिवस तिनं आईला म्हातारी केली होती आणि आईला त्याचा हिशेबच मागायचा नव्हता, तिला फक्त आपला हात परत मिळाला होता.

मग हसू थांबलं, आणि आवाज नेहमीचा झाला. "त्या दुकानवाल्याला फोन लाव. सांग, उद्या येत न्हाय म्हणून. इंग्रजीत सांग, शिकलीयस की."

आफशीननं मराठीतच सांगितलं. तिकडचा माणूस 'ठीक आहे' म्हणाला आणि त्यानं कारणही विचारलं नाही.

"हिकडं ये आता. अकरा हायत. आत दोन दोन बोटं कापड सोडलंय मी, शालूबाईच्या बाहीला आणि कुशीला तेवढी पट्टी जोडाय लागंल. बाकीचं उसवून सोडता, आवळता येतंय. सँडल काढ आधी." तिनं अर्धं ब्लेड आफशीनच्या हातात दिलं आणि ते कसं धरायचं ते दाखवलं. "टाका काप. वढू नको. वढलंस तर कापड फाटंल, मग मी बगणार न्हाय कोण तू ती."

आफशीननं शालूबाईंची बाही मांडीवर घेतली. पहिला टाका सापडायलाच पाच मिनिटं गेली. इतका बारीक, सरळ, एकसारखा टाका होता की त्याला सुरुवात कुठं आहे तेच कळेना, आणि सोळा वर्षं ती याच खोलीत झोपत होती आणि तिनं तो कधी जवळून बघितलेला नव्हता. अम्मी वही मांडीवर उघडी ठेवून मशीनवर बसली. पायडल मारलं की मशीन डाव्या अंगाला झुकायचं आणि सुई चुकायची. दोनदा झालं. तिसऱ्यांदा अम्मी म्हणाली, "पायाखाली कायतर घाल की गं."

आफशीननं खिळ्यावरची चार पानं काढली, प्लॅस्टिकसकट घडी घातली, आणि पायाखाली सरकवली. प्लॅस्टिक गुळगुळीत, मशीन त्याच्यावरनं सटकलं. तिनं प्लॅस्टिक फाडून टाकलं, पानांची घडी घातली, अजून एक घातली, जितक्या पडतील तितक्या. एकशे सदतीस बायका मिळून बोटभर जाडी भरेना. वही कितीतरी जाड होती. चिंध्यांनी.

"ऱ्हाऊ दे," अम्मी म्हणाली. "तू बस हितंच. पाय लावून धर."

ती खाली फरशीवर बसली, मशीनचा पाय आपल्या पावलानं दाबून धरला, आणि दुसरा टाका शोधायला लागली.